ल्वारकाठी सायकलने : दिवसाला एकच राजवाडा

पॅरिसहून ल्वार नदीच्या खोऱ्यात एका दिवसाच्या बससहली जातात. सकाळी निघायचे, दोन-तीन राजवाडे पाहायचे आणि रात्री परत यायचे. अशा सहलीत राजवाडे दिसतात, पण ते नेमके इथेच का उभे राहिले, त्यांचा पांढरा दगड कुठून आला, तो कोणत्या वाटेने वाहून आणला, हे काही उमगत नाही. या प्रश्नांची उत्तरे दोन राजवाड्यांच्या मधल्या वीस-तीस किलोमीटरमध्ये पसरलेली आहेत. नदीचे बांध, जुनी बंदरे, कड्यात खोदलेल्या खाणी, द्राक्षमळे आणि चारशे वस्तीची खेडी हाच या खोऱ्याचा खरा इतिहास आहे आणि तो सायकलवरून जितका नीट दिसतो तितका दुसऱ्या कशावरून दिसत नाही.

हा लेख सर्वसाधारण सायकलस्वारासाठी आहे. आठवड्यातून दोनतीनदा सायकल चालवणारा, दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर न दमता जाऊ शकणारा आणि इतिहासाची ओढ असणारा कोणीही हा प्रवास करू शकतो. साठी ओलांडलेल्यांनाही तो झेपतो. अट एकच आहे : घाई करायची नाही.

मार्गाची ओळख

ल्वार ही फ्रान्समधली सर्वांत लांब नदी. तिची लांबी हजार किलोमीटरहून थोडी अधिक आहे. तिच्या काठाने ‘ल्वार आ व्हेलो’ या नावाचा सायकलमार्ग आखला आहे. नव्हेर शहराजवळच्या क्युफी गावापासून अटलांटिक किनाऱ्यावरच्या सँ-ब्रेव्हँपर्यंत तो सुमारे ९०० किलोमीटर जातो. त्याचा मोठा भाग ‘यूरोव्हेलो ६’ या अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या मार्गातही येतो. सुली ते शालोन या गावांमधल्या सुमारे २८० किलोमीटरच्या खोऱ्याला युनेस्कोने २००० साली जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. पहिल्यांदा जाणाऱ्याने याच पट्ट्यातला ओर्लेआँ ते सोम्यूर हा भाग निवडावा. नावाजलेले बहुतेक राजवाडे इथेच आहेत.

वाट कुठे डांबरी, कुठे दाबून बसवलेल्या बारीक खडीची, तर कुठे तुरळक रहदारीच्या गावरस्त्याची आहे. दिशादर्शक पाट्या जागोजागी आहेत. तरीही मोबाइलमध्ये नकाशा उतरवून ठेवावा, कारण खेड्यांत अधूनमधून सिग्नल जातो. नदीकाठ जवळजवळ सपाट आहे. चढ लागतात ते काठ सोडून पठारावर जाताना, म्हणजे आंब्वाझहून शेनोंसोकडे किंवा मोंसोरोहून फोंतव्हरोकडे वळल्यावर.

कित्येक ठिकाणी वाट पूरसंरक्षक बांधावरून जाते. हे बांध मध्ययुगापासून टप्प्याटप्प्याने घातले गेले. बांधावरून एका बाजूला वाळूची बेटे आणि संथ पाणी, दुसऱ्या बाजूला शेते आणि पाटीच्या दगडाची काळी छपरे दिसतात. गावातून जाताना जुन्या भिंतींवर पुराच्या खुणा शोधाव्यात. १८४६, १८५६ आणि १८६६ ही वर्षे पुन्हा पुन्हा दिसतील. वीस वर्षांत तीन महापूर या खोऱ्याने सोसले. उन्हाळ्यात इतकी शांत दिसणारी नदी बांधांमागे का ठेवली आहे, हे त्या खुणा सांगतात.

केव्हा जावे, कोणत्या दिशेने जावे

मे, जून आणि सप्टेंबर हे उत्तम महिने. जूनअखेर सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे दिवस मोठा मिळतो. जुलै-ऑगस्टमध्ये फ्रेंच शाळांच्या सुट्ट्या असतात, गर्दी आणि दर दोन्ही वाढतात आणि उष्णतेच्या लाटाही येतात. हिवाळ्यात आणि वसंताच्या आरंभी नदीला पाणी चढले की काही तुकडे बंद होतात. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी ‘वारसा दिन’ असतात. एरवी बंद असणाऱ्या अनेक वास्तू तेव्हा उघडतात. जमले तर तारखा त्याभोवती बसवाव्यात.

‘प्रवाहाबरोबर जा, उतार मिळेल’ असा सल्ला ऐकायला मिळतो. त्यात फारसे तथ्य नाही. ओर्लेआँ समुद्रसपाटीपासून जेमतेम शंभर मीटर उंच आहे आणि तिथून समुद्र चारशे किलोमीटर दूर. हा उतार पायाला जाणवतसुद्धा नाही. जाणवतो तो वारा आणि इथला वारा बहुधा पश्चिमेकडून येतो. ज्यांना समोरचा वारा नकोसा होतो त्यांनी सोम्यूरहून ओर्लेआँकडे यावे. मी मात्र ओर्लेआँहून निघण्याच्या बाजूने आहे. पॅरिसहून तिथे साध्या गाडीने तासाभरात पोचता येते आणि इतिहासाचा क्रमही त्या दिशेने चांगला जुळतो. वारा सकाळी सहसा कमी असतो. आठला निघून दुपारपर्यंत सायकल चालवणे संपवावे, म्हणजे वाऱ्याचा त्रास निम्मा होतो.

व्हिसा आणि आरक्षण

फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, पण किमान १५ दिवस आधी तो झालाच पाहिजे. उन्हाळी हंगामात भेटीच्या वेळा लवकर भरतात, म्हणून दोन-तीन महिने हाताशी ठेवावेत. मुंबई आणि पुण्यातल्या व्हिसा केंद्रांत अर्ज देता येतो. प्रौढांचे शुल्क २०२४च्या जूनपासून ९० युरो आहे, केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा आहे. तो घेताना सायकल प्रवासातील अपघात त्यात धरला आहे का, हे पॉलिसीत वाचून खात्री करून घ्या.

व्हिसासाठी प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा लागतो. म्हणजे ‘जिथे संध्याकाळ तिथे मुक्काम’ हा बेत इथे चालत नाही. आरक्षण करताना ‘अक्योय व्हेलो’ हे चिन्ह शोधा. मार्गापासून पाच किलोमीटरच्या आतली, सायकली कुलुपबंद ठेवण्याची जागा आणि दुरुस्तीची साधने देणारी हॉटेले, घरगुती निवास आणि तंबूंचे तळ यांनाच ते मिळते. घरगुती निवासाला ‘शांब्र दोत’ म्हणतात. खोली आणि सकाळची न्याहारी मिळते, यजमानांची गाठ पडते आणि गावाची माहिती कळते. काही घरी रात्रीचे जेवणही मिळते, पण ते आधी सांगावे लागते.

सायकल कुठून घ्यावी

भारतातून सायकल खोक्यात बांधून नेण्यापेक्षा तिथे भाड्याने घेणे मला शहाणपणाचे वाटते. ओर्लेआँमध्ये घेऊन सोम्यूरला परत करण्याची सोय असलेले दुकानदार या मार्गावर आहेत. उन्हाळ्यासाठी दोन-तीन महिने आधी मागणी नोंदवा आणि आपली उंची सेंटिमीटरमध्ये कळवा. रुंद टायरची, मागे कॅरिअर आणि दोन बाजूंना पिशव्या लावता येणारी ‘व्हेतेसे’ प्रकारची सायकल मागावी. गुडघ्यांची तक्रार असेल तर विजेची सायकल निःसंकोच घ्यावी. फक्त मुक्कामी चार्जिंगची सोय आहे का, ते विचारावे.

ताबा घेताना दुकानातच दहा मिनिटे घालवा. सीटची उंची बसवून घ्या, दोन्ही ब्रेक, गिअर, घंटी आणि दिवे तपासा. तिथे पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे ते पाहून घ्या. जादा ट्यूब, पंप, टायर काढायचे लिव्हर आणि भक्कम कुलूप मागून घ्या. सायकलिंगची गादीची चड्डी मात्र घरूनच न्या आणि ती आधी वापरून सवयीची केलेली असावी. सामान एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी गाडीने पोचवणाऱ्या सेवाही आहेत. ज्येष्ठांनी त्यांचा विचार जरूर करावा.

रेल्वे हा तुमचा आधार

ओर्लेआँ, ब्ल्वा, आंब्वाझ, तूर, सोम्यूर, आंजे ही सगळी गावे रेल्वेने जोडलेली आहेत आणि लोहमार्ग बऱ्याच ठिकाणी नदीला धरून जातो. टेएर या प्रादेशिक गाड्यांत जागा असेल तेवढ्या सायकली घेतात. उन्हाळ्यात या मार्गावर सायकलींसाठी खास डबे जोडलेली सेवाही चालते. आरक्षण लागते की नाही, याचे नियम हंगामागणिक बदलतात, म्हणून निघण्याआधी तपासावे. वेगवान टेजेव्हे गाड्यांत सायकलसाठी आधी आरक्षण लागते किंवा ती सुटी करून पिशवीत भरावी लागते. पाऊस लागला, पाय दुखावला, कोणी आजारी पडले, तर एक टप्पा गाडीने जाण्यात कमीपणा काही नाही.

नऊ दिवसांचा आराखडा

एकूण अंतर तीनशे किलोमीटरच्या आत बसते. सर्वांत लांब दिवसही पुणे ते लोणावळा या अंतरापेक्षा कमी आहे.

*पहिला दिवस : ओर्लेआँ.* विमानप्रवासाचा शीण जाऊ द्या, सायकली ताब्यात घ्या, शहरात फिरा. इंग्रजांनी या शहराला घातलेला वेढा ८ मे १४२९ रोजी उठला आणि तो उठवण्यात पुढे असलेल्या जोन ऑफ आर्कचे नाव फ्रान्सभर झाले. त्या घटनेचा उत्सव शहर दर वर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात करते. त्या काळात जाणार असाल तर खोली फार आधी राखून ठेवा.

*दुसरा दिवस : ओर्लेआँ ते बोजाँसी, सुमारे ३० किलोमीटर.* पहिला टप्पा मुद्दाम लहान ठेवला आहे. बोजाँसीचा जुना दगडी पूल पाहा आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. ११५२मध्ये इथल्या धर्मसभेने फ्रान्सचा राजा सातवा लुई आणि आकितेनची डचेस एलेनोर यांचा विवाह रद्द ठरवला. त्याच वर्षी एलेनोरने पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या दुसऱ्या हेन्रीशी लग्न केले. तिचा विस्तीर्ण प्रदेश तिच्याबरोबर गेला आणि दोन राजघराण्यांचे वैर पिढ्यान्‌पिढ्या चालले. ही राणी प्रवासाच्या शेवटच्या दिवशी पुन्हा भेटते.

*तिसरा दिवस : बोजाँसी ते शांबोर, सुमारे ३० किलोमीटर.* वाटेत सँ-दिये हे छोटे गाव लागते. शांबोरच्या बांधकामाचा दगड होड्यांनी येऊन इथे उतरत असे. हे बंदर पाहून मग राजवाड्याकडे वळले की त्याचा पसारा आकड्यांशिवायही कळतो. राजा पहिला फ्रान्स्वा याने १५१९मध्ये शांबोरचे काम सुरू केले. मधोमध दुहेरी सर्पिल जिना आहे. एकाने चढणारा आणि दुसऱ्याने उतरणारा एकमेकांना झरोक्यांतून पाहू शकतात, पण समोरासमोर येत नाहीत. एवढा खटाटोप करून राजा तिथे आयुष्यात सगळे मिळून काही आठवडेच राहिला. शिकारीसाठी बांधलेली ही वास्तू १९३९मध्ये वेगळ्याच कामी आली. युद्ध तोंडावर आले तेव्हा लूव्र संग्रहालयातली चित्रे हलवून इथे आणली गेली आणि त्यात मोनालिसाही होती. मुक्काम जवळच्या गावात करा. संध्याकाळी बसगाड्या निघून गेल्या की सायकलस्वाराला इथला परिसर निवांत मिळतो. भोवतीच्या संरक्षित रानात सप्टेंबरच्या उत्तरार्धात सांबरकुळातल्या हरणांची माजाच्या काळातली आरोळी ऐकू येते.

*चौथा दिवस : शांबोर ते ब्ल्वा, सुमारे २० किलोमीटर.* ब्ल्वाच्या राजवाड्याच्या चौकात उभे राहिले की चार काळांची चार वास्तुरूपे एका नजरेत येतात : तेराव्या शतकातले सभागृह, बाराव्या लुईची विटा-दगडांची बाजू, पहिल्या फ्रान्स्वाचा कोरीव जिना आणि सतराव्या शतकातली फ्रान्स्वा मांसारची इमारत. फ्रेंच वास्तुकलेचा क्रम शिकायला याहून सोपी जागा नाही, म्हणून ती पुढच्या राजवाड्यांच्या आधी पाहावी. २३ डिसेंबर १५८८ रोजी फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री याच्या हुकमावरून गीजच्या ड्यूकचा खून इथल्याच दालनात झाला. हाताशी एक जादा दिवस असेल आणि सोबत टिनटिनच्या चित्रकथांचे वाचक असतील, तर श्व्हेर्नीला जाऊन या. त्यांतल्या कॅप्टन हॅडॉकचा वाडा चित्रकार एर्जेने त्याच राजवाड्यावरून काढला आहे.

*पाचवा दिवस : ब्ल्वा ते आंब्वाझ, सुमारे ४० किलोमीटर.* मध्ये शोमाँ लागते. तिथे १९९२पासून दर वर्षी आंतरराष्ट्रीय उद्यान महोत्सव भरतो. शोमाँची एक कथा उद्याच्या राजवाड्याशी जोडलेली आहे. दुसऱ्या हेन्रीने (फ्रान्सच्या) आपली प्रेयसी दियान द प्वातिए हिला शेनोंसो दिले होते. १५५९मध्ये तो वारला आणि विधवा राणी कातरीन द मेदिची हिने दियानकडून शेनोंसो काढून घेऊन तिला शोमाँ दिले. शक्य असेल तर आंब्वाझला शनिवारी पोचा, कारण रविवारी सकाळी नदीकाठी मोठा बाजार भरतो.

*सहावा दिवस : आंब्वाझ आणि शेनोंसो, जाऊन-येऊन ३० ते ३५ किलोमीटर.* सामान खोलीवर ठेवून मोकळ्या सायकलने जा, कारण रानातून चढ आहे. शेनोंसो शेर नदीवर उभे आहे. राजाच्या खजिन्याचा अधिकारी तोमा बोइए याच्या घरासाठी ते बांधले गेले आणि काम त्याची पत्नी कातरीन ब्रिसोने हिने करून घेतले. दियानने नदीवर पूल घातला, कातरीन द मेदिचीने त्या पुलावर दालन चढवले. पहिल्या महायुद्धात याच दालनात जखमी सैनिकांचे रुग्णालय होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनव्याप्त आणि अव्याप्त फ्रान्समधली सीमा शेर नदीवरून गेली आणि दालनाची दोन टोके दोन प्रदेशांत आली. दुपारी परतून आंब्वाझ पाहा. लिओनार्दो दा विंची १५१६मध्ये पहिल्या फ्रान्स्वाच्या बोलावण्यावरून इथे आला आणि २ मे १५१९ रोजी क्लो ल्यूसे या घरात वारला. किल्ल्यातल्या छोट्या चॅपेलमध्ये त्याची समाधी आहे.

*सातवा दिवस : आंब्वाझ ते व्हिलांद्री, सुमारे ४८ किलोमीटर.* तूर शहर मध्ये येते. दुपारचे जेवण तिथल्या लाकडी चौकटींच्या जुन्या घरांच्या चौकात घ्या. व्हिलांद्रीचे वैभव बागेत आहे. होआकिम कार्व्हालो या स्पेनमध्ये जन्मलेल्या शास्त्रज्ञाने १९०६मध्ये हा राजवाडा घेतला आणि सोळाव्या शतकातल्या बागांची रचना पुन्हा उभी केली. भाज्यांचे भौमितिक वाफे वरच्या गच्चीवरून पाहावेत.

*आठवा दिवस : व्हिलांद्री ते शिनाँ, सुमारे ४० किलोमीटर.* वाटेत आंद्र नदीच्या पाण्यात उभे आझे-ल-रिदो आणि रानाच्या कडेचे उस्से. दोन्ही आतून पाहण्याचा हट्ट नको. आझे आत जाऊन पाहा, उस्से पुलावरून पाहा. आझेही खजिन्याच्या अधिकाऱ्यानेच बांधले आणि पुढे राजाने जप्त केले. संध्याकाळी शिनाँच्या गढीवर चढा. १४२९मध्ये जोन ऑफ आर्क इथेच युवराज शार्लला प्रथम भेटली. प्रवासाच्या पहिल्या दिवशी पाहिलेल्या ओर्लेआँच्या विजयाची सुरुवात इथे झाली.

*नववा दिवस : शिनाँ ते सोम्यूर, सुमारे ४० किलोमीटर.* काँद गावाजवळ व्हिएन नदी ल्वारला मिळते. पुढे फोंतव्हरोचा मठ आहे. ११०१मध्ये स्थापन झालेल्या या मठात साधू आणि साध्वी दोघांवर मठाध्यक्षा राज्य करत असे. बोजाँसीत जिचा विवाह मोडला ती एलेनोर इथे इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीशेजारी आणि मुलगा सिंहहृदयी रिचर्ड याच्या जवळ विसावली आहे. तिच्या दगडी मूर्तीच्या हातात पुस्तक आहे. नेपोलियनने १८०४मध्ये मठाचा तुरुंग करण्याचा हुकूम काढला आणि तो तुरुंग १९६३पर्यंत चालला. मोंसोरोपासून सोम्यूरपर्यंत पांढऱ्या कड्यांत कोरलेली घरे आणि खाणी लागतात. राजवाड्यांचा मऊ, पांढरा ‘त्युफो’ दगड इथल्या आणि अशाच कड्यांमधून निघाला, नदीने होड्यांतून गेला आणि रिकाम्या झालेल्या बोगद्यांत पुढे मश्रूमची लागवड व दारूची साठवण सुरू झाली. नऊ दिवस जे पाहिले त्याचा उगम इथे हाताला लागतो.

रस्त्याचे नियम

वाहतूक उजव्या बाजूने चालते. पहिले दोन दिवस वळण घेताना सोबत्यांनी एकमेकांना आठवण करून द्यावी. पाटी किंवा सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. खेड्यांत हा नियम जास्त लागतो, म्हणून प्रत्येक तिठ्यावर वेग कमी करावा. अष्टकोनी लाल ‘स्टॉप’ पाटीशी पूर्ण थांबायचे. बारा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचे आहे, इतरांनीही घालावेच. रात्री किंवा धुक्यात गावाबाहेर चमकणारे जाकीट कायद्याने लागते. कानात इअरफोन घालून सायकल चालवणे बेकायदा आहे. दारूची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे, तेव्हा व्हूव्रे किंवा शिनाँची वाइन चाखायची तर दिवसाचे अंतर संपल्यावर. मोटारचालकाने गावात एक मीटर आणि गावाबाहेर दीड मीटर अंतर सोडून ओलांडायचे असते आणि बहुतेक जण ते पाळतात. आपणही मागून गाडी आली की एका रांगेत यावे.

नदीत मात्र उतरू नका. पाणी उथळ आणि वाळू आमंत्रण देणारी दिसते, पण तळाची वाळू सरकते आणि प्रवाह फसवा आहे. वाळूच्या बेटांवर उन्हाळ्याच्या आरंभी सुरय पक्षी अंडी घालतात, म्हणून त्यांच्याही सुरक्षेसाठी दूर राहावे. अडचणीत ११२ हा क्रमांक सर्वत्र चालतो. वैद्यकीय मदतीसाठी १५.

खेड्याचे घड्याळ आणि जेवण

फ्रेंच खेड्यात उपाशी राहण्याची वेळ येते ती पैशांअभावी नाही, वेळ चुकल्यामुळे. दुकाने दुपारी बारा ते दोन बंद असतात, रविवारी दुपारनंतर बहुतेक बंद आणि सोमवारीही पुष्कळशी बंद. दुपारचे जेवण बारा ते दीड-दोनच्या दरम्यानच मिळते, रात्रीचे सात-साडेसातनंतर. म्हणून सकाळी निघतानाच बेकरीतून पाव, बाजारातून फळे आणि चीज घेऊन पिशवीत टाकावे. १ मे, ८ मे, १४ जुलै आणि १५ ऑगस्ट या सार्वजनिक सुट्ट्या आहेत. १ मे रोजी काही राजवाडेही बंद असतात.

शाकाहारी वाचकांनी काळजी करू नये, पण सावध असावे. सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, भाजीचे सूपही मांसाच्या पाण्यात केलेले असू शकते. ‘साँ व्हियांद, साँ प्वासों’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, हे पाठ करून ठेवा आणि घरगुती निवासाला आरक्षणाच्या वेळीच लिहून कळवा. या खोऱ्यातले बकरीच्या दुधाचे चीज प्रसिद्ध आहे. सँत-मोर या चीजच्या लांबट वडीतून राय धान्याची काडी घातलेली असते. काही जुन्या चीजमध्ये प्राणिजन्य विरजण वापरतात, ज्यांना ते चालत नाही त्यांनी विचारून घ्यावे. सोम्यूरजवळच्या गुहांतल्या खाणावळींत ‘फुए’ मिळते. भट्टीत भाकरीसारखा टम्म फुगलेला हा छोटा पाव फोडून त्यात घेवड्याच्या बिया, मश्रूम किंवा बकरीचे चीज भरतात. दोन दिवसांच्या मुक्कामी स्वयंपाकघर असलेली खोली घेतली तर सोबत नेलेल्या डाळ-तांदळाची खिचडीही होते.

नळाचे पाणी पिण्याजोगे असते. गावात पाणी सापडत नसेल तर दफनभूमीच्या फाटकाशी नळ असतो. फ्रेंच सायकलस्वार तिथेच बाटल्या भरतात. ‘ओ नों पोताब्ल’ अशी पाटी असेल तर ते पाणी पिऊ नका.

दुकानात, खाणावळीत, वाटेत भेटणाऱ्या आजोबांना, सर्वांना आधी ‘बोंजूर’ म्हणावे आणि मगच काम सांगावे. या एका शब्दावर पुढची वागणूक ठरते.

शेवटची तयारी

पिशव्यांचे वजन दहा-बारा किलोंच्या आत ठेवा : कपड्यांचे दोन जोड, पावसाचे जाकीट, औषधे, मलम, पंक्चरचे सामान. निघण्याआधी दोन महिने आठवड्यातून तीनदा सायकल चालवा. शेवटच्या महिन्यात सलग दोन दिवस, भरलेल्या पिशव्यांसह, चाळीस-चाळीस किलोमीटर जाऊन या. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सीटवर बसता येते का, हीच खरी चाचणी. राजवाड्यांची तिकिटे घेताना आपल्यासाठीचा दर पाहून घ्या. युरोपबाहेरून येणाऱ्यांसाठी वेगळा दर लावायला काही मोठ्या वास्तूंनी सुरुवात केली आहे. पिशव्या ठेवायला कपाटे आहेत का, तेही आधी पाहा. नसतील तर मुक्कामी आधी पोचून सामान उतरवावे आणि मग वास्तूकडे जावे.

यादीतला एखादा राजवाडा सुटला तर वाईट वाटून घेऊ नका. एका दिवसात तीन पाहणाऱ्याला आठवड्याने त्यांतला जिना कोणता आणि बाग कोणती हे सांगता येत नाही. दिवसाला एकच पाहणाऱ्याला त्याच्या दगडाची खाण, दगड उतरवलेले बंदर आणि तिथे राहून गेलेली माणसे यांची नीट ओळख होते. म्हणून नऊ दिवसांऐवजी सातच मिळत असतील तर रोजचे अंतर वाढवू नका, मार्ग कमी करा आणि ब्ल्वा ते शिनाँ एवढेच जा.